कुडाची घरं आणि चटयांची घरं

अब्राहम लिंकन ओंडक्यांच्या खोपटात जन्मला ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली असते. त्यामुळे अमेरिकेत अगदी सुरुवातीला आलेल्या इंग्रजांची घरं म्हटलं की डोळ्यासमोर तेच येतं. आडवे ओंडके एकावर एक रचलेले, कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवलेले, बाजूला जळाऊ लाकडाचा ढीग. खुद्द अमेरिकेतल्या पोराबाळांच्या पुस्तकांतही बरीच वर्षं अशीच चित्रं असायची.

गंमत म्हणजे त्या पहिल्या इंग्रजांना ओंडक्यांचं घर बांधताच येत नव्हतं. इंग्लंडमध्ये तशी पद्धतच नव्हती. ते घर आणलं स्वीडिश आणि फिनिश लोकांनी, १६३८ साली ते डेलावेअर नदीच्या काठी उतरले तेव्हा. पुढे १८४०च्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसनच्या पाठीराख्यांनी 'आमचा माणूस खोपटातला' म्हणून इतका गाजावाजा केला की खोपट हेच अमेरिकेचं मूळ घर होऊन बसलं. (हॅरिसन स्वतः व्हर्जिनियातल्या विटांच्या दुमजली वाड्यात वाढला होता. निवडणुका तेव्हाही अशाच!) शेवटी हॅरल्ड शर्टलेफ नावाच्या अभ्यासकाने जुने कागद चाळून ही समजूत खोडून काढली. त्याचं पुस्तक १९३९ साली निघालं.

मग ती माणसं राहिली कशात? हा प्रश्न मला फार आवडतो. लढाया आणि करारमदार सगळे लिहून ठेवतात, पण थंडीच्या रात्री माणसं नेमकी कशाच्या आडोशाला झोपली हे शोधून काढावं लागतं. मी इथे मुख्यतः प्लिमथबद्दल लिहिणार आहे, म्हणजे 'मेफ्लॉवर' जहाजातून १६२० साली आलेल्या १०२ जणांच्या वस्तीबद्दल.

हे लोक नोव्हेंबरमध्ये केप कॉडला पोचले. चुकीच्या मोसमात, ठरलेल्या जागेच्या बरंच उत्तरेला. महिनाभर किनारा हिंडून डिसेंबरात त्यांनी जागा नक्की केली. गोड्या पाण्याचा ओहोळ, मागे टेकडी आणि मुख्य म्हणजे आधीच झाडं तोडून साफ केलेली, मक्याची लागवड झालेली जमीन. ही जमीन आयती का मिळाली? कारण तिथे पटक्सेट नावाचं वाम्पानोआग लोकांचं गाव होतं आणि १६१६ ते १६१९ या काळात आलेल्या साथीत ते गावच्या गाव संपलं होतं. युरोपी जहाजांबरोबर आलेला रोग. त्या गावचा टिस्क्वांटम नावाचा एक माणूस तेवढा वाचला, कारण त्याला १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं होतं. तो इंग्लंडमार्गे परत आला तो १६१९ साली. गाव रिकामं. पुढच्याच वर्षी त्याच्या गावाच्या जागेवर परक्यांची घरं उभी राहायला लागली, आणि मका कसा लावायचा हे त्यांना त्यानेच शिकवलं. ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी मला पुढे जायला थोडा वेळ लागतो.

तर घरं. २५ डिसेंबरला पहिल्या घराचं काम सुरू झालं. हे लोक नाताळ मानत नसत, त्यामुळे सुट्टीबिट्टीचा प्रश्न नव्हता. पहिलं घर सगळ्यांच्या वापराचं, वीस फूट लांब, वीस फूट रुंद. बायकापोरं जहाजातच राहत होती आणि हवा बरी असेल तेव्हा पुरुष किनाऱ्यावर येऊन काम करत. या वीस बाय वीसमध्ये अंथरुणाला अंथरूण लागून आजारी माणसं झोपवलेली, आणि त्यांच्यामध्ये भरलेल्या बंदुका. १४ जानेवारीला (त्यांच्या जुन्या कालगणनेने) एक ठिणगी गवताच्या छपरावर उडाली आणि छप्पर भडकलं. आत वस्तीचा प्रमुख जॉन कार्व्हर आणि पुढे प्रमुख झालेला विल्यम ब्रॅडफर्ड, दोघेही आजारी पडलेले. कसेबसे उठून बाहेर आले. बंदुकांची दारू पेटली नाही हे नशीब. फक्त छप्पर गेलं.

जमिनीची वाटणी त्यांनी माणशी केली होती. प्रत्येकाला साधारण सव्वाआठ फूट रुंद आणि साडेएकोणपन्नास फूट लांब पट्टा. मोठं कुटुंब तर मोठा तुकडा. एकट्या पुरुषांना कुठल्या ना कुठल्या कुटुंबात सामील व्हायला सांगितलं, म्हणजे घरं कमी बांधावी लागतील. असा हिशोब करून एकोणीस कुटुंबं ठरली. पण हिवाळा संपेपर्यंत निम्मी माणसं गेली आणि एकोणीस घरांची गरजच उरली नाही. डिसेंबर १६२१मध्ये एडवर्ड विन्स्लोने इंग्लंडला पत्र लिहिलं त्यात त्याने आकडा दिलाय: राहती घरं सात, सामायिक कामाची चार. तेव्हा नुकतंच 'फॉर्च्युन' जहाज पस्तीस नवी माणसं घेऊन आलं होतं. म्हणजे पंच्याऐंशीच्या आसपास माणसं आणि सात घरं. घरटी बारा!

आणखी एक आकडा सांगायला हवा. मेफ्लॉवरवर प्रौढ स्त्रिया अठरा होत्या. १६२१च्या सुगीला त्यातल्या चार जिवंत होत्या. आजकाल त्या सुगीच्या जेवणाचं, म्हणजे 'पहिल्या थँक्सगिव्हिंग'चं, फार कौतुक होतं. आठवडाभराची रसद जमवून, वर वाम्पानोआग प्रमुख मॅसासोइटबरोबर आलेल्या नव्वद पाहुण्यांना वाढायचं होतं. चूल किती बायकांनी आणि मुलींनी सांभाळली असेल याचा हिशोब मी एकदा केला आणि सोडून दिला.

आता बांधणी. यासाठी मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. कोकणात कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर शेणमातीचा गिलावा देतात तो कुड आपल्याला माहीत आहे. इंग्रजांचा कुडही थेट तसाच. ओकच्या जाड खांबांचा आणि तुळयांचा सांगाडा, खाच-कुसवाने जोडलेला आणि लाकडी खुंट्या ठोकून पक्का केलेला. खांबांच्या मधल्या जागेत काठ्यांची जाळी विणायची आणि चिकणमाती, चिरलेलं गवत, पाणी असं मळून दोन्ही बाजूंनी लिंपायचं. वर गवताने शाकारलेलं छप्पर. जमीन चोपून केलेली मातीची. आत एकच खोली, वर माळा. माळ्यावर धान्य आणि पोरं.

आणि धुराडं? तेही लाकडाचं! लाकडी चौकट आणि आतून मातीचा लेप. माती वाळून तडकली, एक पापुद्रा पडला की ठिणगी लाकडाला, लाकडातून गवताला. नोव्हेंबर १६२३मध्ये काही खलाशी एका घरात मौजमजा करत बसले होते, कडाक्याची थंडी म्हणून त्यांनी आग जरा जास्तच मोठी केली. तीन-चार घरं आतल्या सामानासकट गेली. अखेर १६२७ साली प्लिमथमध्ये नियमच झाला की यापुढे राहत्या घराला गवताचं छप्पर नको, फळ्यांचं हवं. शेजारच्या बॉस्टनला ही अक्कल स्थापनेनंतर वर्षभरातच, १६३१ साली आली. तिथेही आधी आग लागली आणि मग 'लाकडी धुराडं नको, गवत नको' असा हुकूम निघाला.

पण आगीपेक्षा जास्त त्रास दिला हवेने. प्लिमथ आहे बेचाळीस अक्षांशावर, म्हणजे जवळजवळ रोमच्या रेषेत. लंडन त्याच्या कितीतरी उत्तरेला. नकाशा बघून कुणालाही वाटावं की इथला हिवाळा इंग्लंडपेक्षा सौम्यच असणार. प्रत्यक्षात अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर हिवाळ्यात वारा खंडाच्या आतून, गोठलेल्या जमिनीवरून येतो. इंग्लंडमध्ये शेकडो वर्षं टिकणारी कुडाची भिंत इथे पावसात भिजली, भिजलेली असताना गोठली, आणि उन्हाळा येईपर्यंत ढेकळं होऊन पडायला लागली. वर पक्क्या गिलाव्यासाठी चुना लागतो, तोही आसपास नव्हता. नंतर शिंपले भाजून करायला लागले.

मग त्यांनी भिंत बदलली नाही, तिला बाहेरून अंगरखा घातला. आपल्याकडे पावसाळ्याआधी मातीच्या भिंतीला झावळ्यांची झापं बांधतात तसाच विचार, फक्त बारमाही आणि लाकडाचा. ओकचा ओंडका करवतीने न कापता पात्याने आणि लाकडी हातोड्याने उभा फोडायचा. संत्र्याच्या फोडी निघाव्यात तशा पातळ फळ्या निघतात. त्या खालून वर एकीवर एक थोडी चढवून ठोकायच्या. यांना क्लॅपबोर्ड म्हणतात. इंग्लंडमध्ये अशा फळ्या मुख्यतः पिंपं करायला लागायच्या आणि तिथे लाकूड महाग. म्हणून 'फॉर्च्युन' परत जाताना या लोकांनी ते क्लॅपबोर्डने गच्च भरून पाठवलं, कर्ज फेडायला. वाटेत फ्रेंचांनी जहाज लुटलं. कर्ज तसंच राहिलं आणि फळ्या मात्र पुढे त्यांच्या स्वतःच्याच घरांना लागल्या. १६२७ साली आयझाक द रासिएर हा डच पाहुणा प्लिमथला आला तेव्हा त्याला घरं फळ्यांचीच दिसली, आणि परसबागांची कुंपणंही फळ्यांचीच. अमेरिकेत आज उपनगरांतून दिसणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या भिंती, हल्ली बहुतेक प्लास्टिकच्या असतात त्या, या अंगरख्याच्याच वंशातल्या.

फळ्या म्हटलं की खिळे आले. ते लोहाराने एकेक ठोकून घडवायचे, नाहीतर जहाजाने यायचे. दक्षिणेला व्हर्जिनियात याची तऱ्हाच वेगळी. तिथे तंबाखूने जमीन पटकन निकामी व्हायची, लोक उठून दुसरीकडे जायचे, आणि जाताना जुनं घर पेटवून द्यायचे. का? तर राखेतून खिळे वेचून न्यायला! १६४५च्या सुमारास तिथे कायदा करावा लागला की घर जाळू नका, त्यात जेवढे खिळे असतील तेवढे तुम्हाला सरकारातून मिळतील. माणसाला घरापेक्षा खिळे मोलाचे वाटतात तेव्हा त्याला इथे किती दिवस राहायचंय ते कळतं.

न्यू इंग्लंडवाल्यांचं तसं नव्हतं. त्यांना राहायचंच होतं. पण राहायचं म्हणजे घर नीटनेटकं करायचं की नाही, यावरही वाद. १६३२ साली मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याने आपला उपप्रमुख थॉमस डडली याला चक्क झापलं: वसाहतीची सुरुवात, लोक हलाखीत, आणि तू घराला आतून लाकडी तावदानं कसली लावतोस? डडलीचं उत्तर असं की शोभेसाठी नाही हो, ऊब राहावी म्हणून साध्या फळ्या मारल्यात. दोघांचंही खरं असणार. गावात कुणी घराला हात लावला की शेजाऱ्यांचं लक्ष कुठे जातं हे काही आपल्याला नवीन नाही.

आत राहणं कसं असेल? काळोखात. खिडक्या लहान, कारण भोक मोठं तर वारा मोठा. काच फार थोड्यांना परवडणारी. विन्स्लोच्या त्या पत्रात नव्याने येणाऱ्यांना सूचना आहे की खिडक्यांसाठी कागद आणि जवसाचं तेल घेऊन या. तेल लावलेल्या कागदातून उजेड झिरपतो, दिसत काही नाही. (आपल्या गोव्यातल्या पोर्तुगीज वळणाच्या घरांत त्याच कामाला शिंपल्यांच्या पारदर्शक चकत्या लावत. त्या कितीतरी देखण्या.) खुर्ची असलीच तर एक, घरच्या कर्त्याची. बाकीचे पेटीवर, बाकावर, नाहीतर उभे. माणूस मेला की मालमत्तेची यादी व्हायची. या याद्या वाचायला मोठी मजा येते. पिसांची गादी, तिच्या उशा आणि पांघरुणं यांची किंमत पुष्कळदा घरातल्या बाकी लाकडी सामानापेक्षा जास्त लावलेली. लोखंडी भांडं मोडकं असलं तरी त्याची नोंद.

आता थोडं मागे, नोव्हेंबर १६२०मध्ये. प्लिमथ ठरायच्या आधी केप कॉडवर हिंडताना या लोकांना झाडीत दोन घरं सापडली होती. माणसं नुकतीच कुठेतरी गेलेली. लांब कोवळी झाडं वाकवून दोन्ही टोकं जमिनीत रोवलेली, मांडवासारखी गोल, वरून चटया. दार बुटकं, चटईचंच. मध्यभागी चूल, तिच्यावर छपराला धूर जायला भोक आणि पाऊस आला की भोकावर ओढायला चटई. आत सरळ उभं राहता येत होतं. चटया बाहेरून एक थर, आतून दुसरा, आणि आतल्या जास्त नव्या आणि सुंदर. हे सगळं त्यांनीच बारकाईने लिहून ठेवलंय. निघताना आतल्या चांगल्या वस्तू उचलून नेल्या हेही लिहून ठेवलंय.

वाम्पानोआग या घराला वेटू म्हणतात. हिवाळ्यासाठी सालींनी मढवलेलं मोठं घर, उन्हाळ्यात समुद्राजवळ शेताकडे चटयांचं छोटं. चटया पाणकणसाच्या पात्यांच्या, बायका शिवत. पानं फुगली की फट बुजते, पाणी आत येत नाही. दोन थरांच्या मध्ये हवा अडकते. गोल आकारात वाऱ्याला पकडायला कोपरा नाही. आगीची ऊब भिंतीत आणि धुराड्यात न जाता मधोमध राहते. १६७४ साली डॅनिएल गुकिन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहिलंय की तो अशा घरांत पुष्कळदा मुक्कामाला राहिला आहे आणि ती त्याला उत्तमातल्या उत्तम इंग्रजी घराइतकीच उबदार वाटली. चोपन्न वर्षं राहून झाल्यावर!

मग इंग्रजांनी ते बांधलं का नाही? काहींनी बांधलं की. सुरुवातीच्या वर्षांत तंबू आणि झोपड्यांबरोबर असली नकलेची घरंही होती. काँकर्डला १६३५ साली गेलेले लोक तर टेकडीच्या उतारात खणून, वर लाकूड आणि माती टाकून, धुरात राहिले. डच वसाहतीतही सहा-सात फूट खोल खड्डा, बाजूंना लाकूड, वर गवताची ढेकळं, अशात लोक दोन-चार वर्षं काढत, आणि पैसेवालेसुद्धा. पण हे सगळं 'तोपर्यंत' होतं. खरं घर म्हणजे चौकोनी, सरळ भिंतीचं, एका जागी रोवलेलं. तसं घर आणि भोवती कुंपण असलं की जमीन आपली, हे त्यांच्या कायद्यात होतं, धर्मात होतं आणि मनातही. वेटू हलतं, म्हणून त्यातल्या माणसाचा जमिनीवर हक्क नाही, असं विन्थ्रॉपसारख्या शिकलेल्या माणसाने लिहूनच ठेवलंय. ऊब दुय्यम. मला वाटतं इथे घर हा जमिनीचा दस्तऐवज झाला होता.

प्लिमथला आता जे संग्रहालय आहे (१९४७चं, २०२०मध्ये त्याच्या नावात पटक्सेट घातलं गेलं), तिथे इंग्रजांची घरं आणि वाम्पानोआग घरं दोन्ही उभी केली आहेत. मी गेले तेव्हा ऑक्टोबर होता. इंग्रजी घरात चुलीसमोर तोंड भाजत होतं आणि पाठ गार. वेटूत जाऊन बसल्यावर दहा मिनिटांत स्वेटर काढला. धुराचा वास मात्र दोन्हीकडे सारखाच, आजीच्या स्वयंपाकघरासारखा, आणि तो केसांतून दोन दिवस गेला नाही. मूळ गावाचा ठावठिकाणा बरीच वर्षं पक्का माहीत नव्हता. २०१६ साली बॉस्टनच्या विद्यापीठातल्या लोकांना तो बेरियल हिलपाशी खणताना सापडला. घराचं काय उरलं होतं? खांब रोवले होते तिथे मातीचा बदललेला रंग.

त्या मोठाल्या चुलींना लाकूड किती लागे? न्यू इंग्लंडमधलं एक कुटुंब वर्षाला तीस-चाळीस कॉर्ड जाळत असे असा अंदाज आहे. म्हणजे चार फूट रुंद, चार फूट उंच आणि तीनशे फूट लांब अशी रास. वर्षाला एकरभर जंगल, दर घरटी. १६३० साली फ्रान्सिस हिगिन्सन या धर्मोपदेशकाने इंग्लंडमधल्या लोकांना कौतुकाने कळवलं की इथला पन्नास एकरवाला गरीब चाकरसुद्धा तिकडच्या सरदारांपेक्षा जास्त लाकूड जाळू शकतो.

स्थानिक लोकांना हे दिसत होतंच. त्यांच्याकडे जळण संपलं की माणसं घर उचलून दुसऱ्या रानाकडे जात. रॉजर विल्यम्सने १६४३च्या आपल्या पुस्तकात नोंदवलंय की ते त्याला विचारायचे, तुम्ही इंग्रज इथे का आलात? आणि मग आपणच उत्तर द्यायचे: तुमच्याकडचं सरपण संपलं असणार.

बॉस्टन वसलं १६३०मध्ये. १६३८च्या हिवाळ्यात विन्थ्रॉपने पत्रात कळवलं की लाकूड नसल्यामुळे गाव मोडायची वेळ आली होती.